डिझेल पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी तेल कुठलं घ्यायचं?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, घेताना ब्रँड नंतर बघा, आधी स्पेसिफिकेशन बघा. ते ओनर्स मॅन्युअलमध्ये तेलांच्या तक्त्यात सापडतं. टोयोटा हायलक्सच्या २.८ लिटर डिझेल ऑटोमॅटिकला एटीएफ डब्ल्यूएस हे टोयोटाचं स्वतःचं स्पेसिफिकेशन लागतं. इसुझू व्ही-क्रॉसचा ऑटोमॅटिकही ६ गिअरचाच, पण तेवढ्यावरून हायलक्सचं तेल त्यात ओतू नका, त्याचं स्पेसिफिकेशन त्याच्याच मॅन्युअलमधून घ्या. पॉवर स्टिअरिंगच्या झाकणावर ‘डेक्सरॉन’ (जनरल मोटर्सचं एटीएफ स्पेसिफिकेशन) लिहिलेलं बघून तेच गिअरबॉक्सलाही लागतं असं समजणारे गॅरेजवाले आहेत. दोन्हींचा काही संबंध नाही. लाल रंगावरही जाऊ नका, तो फक्त गळती ओळखता यावी म्हणून घातलेला असतो.

आता डबा फिरवून मागचा बारीक मजकूर वाचा. ‘लायसन्स्ड’ किंवा ‘अप्रूव्ह्ड’ असेल तर गाडी कंपनीने ते तेल तपासून मान्य केलेलं असतं. ‘सुटेबल फॉर’ किंवा ‘रेकमेंडेड फॉर’ हा तेल कंपनीचा स्वतःचा दावा. डेक्सरॉन-सहाच्या मान्यताप्राप्त डब्यावर ‘जे-६’ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. डेक्सरॉन-तीनची लायसन्स जनरल मोटर्सने २००६ अखेर बंद केली, त्यामुळे आज त्या नावाने जे विकलं जातं त्यामागे फक्त विकणाऱ्याचा शब्द आहे. डब्ल्यूएसच्या बाबतीत दुसऱ्या कंपन्यांच्या डब्यावर बहुधा ‘सुटेबल फॉर’च दिसतं. गाडी वॉरंटीत असेल तर सरळ टोयोटाचंच घ्या आणि बिल जपून ठेवा. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असा मल्टी-व्हेइकल डबा आमच्या मते डिझेल पिकअपसाठी शेवटचा पर्याय.

एवढी काटेकोरी कशासाठी? पहिलं कारण जाडी. १०० अंश सेल्सिअसला डेक्सरॉन-तीन साधारण ७ ते ७.५ सेंटिस्टोक्स (तेलाच्या जाडीचं माप), डेक्सरॉन-सहा ६ च्या आसपास, तर डब्ल्यूएस साडेपाचच्या आत-बाहेर असतं. व्हॉल्व्ह बॉडीतले, म्हणजे गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागातले, सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) त्या पातळपणाच्या हिशेबानेच दाब सोडतात. दुसरं कारण घर्षण, आणि खरं नुकसान तिथे होतं. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देतो; दोघांना थेट जोडणारा त्यातला लॉक-अप क्लच किंचित घसरत घसरतच पकडतो. तेलातलं फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण ठरवणारं रसायन) चुकलं की तो पकड-सोड करतो आणि ५०-६०च्या वेगाला हलका अॅक्सिलरेटर दिला की गाडी रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथरते. हायलक्स ऑटोमॅटिकचा ५०० न्यूटन-मीटर टॉर्क १,६०० आरपीएमपासूनच येतो, त्यामुळे क्लचवरचा ताण पेट्रोल गाडीपेक्षा बराच जास्त. त्यात मुंबईचं ट्रॅफिक. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर तासभर रांगत जाताना कन्व्हर्टर घसरून तेल तापत राहतं आणि कूलरला वारा मिळत नाही. म्हणून ‘लाइफटाइम फिल’, म्हणजे तेल कधीच बदलायला नको, हे शब्द विसरा. भरलेली गाडी रोज शहरात किंवा कसारा घाटात चालत असेल, तर ६०,००० किलोमीटरच्या आसपास तेल बदला. मॅन्युअलमध्ये ‘सिव्हिअर’, म्हणजे खडतर, वापरासाठी त्याहून कमी अंतर दिलं असेल तर ते पाळा.

खरेदी कंपनीच्या पार्ट्स काउंटरवरून किंवा अधिकृत वितरकाकडून करा. मुंबईत ऑपेरा हाउस किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात घेत असाल तर झाकणाखालचं सील, बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख दुकानातच बघून घ्या. सुटं तेल कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

गिअरबॉक्सच्या तळाचा ड्रेन बोल्ट काढला की गिअरबॉक्समधलं एक तृतीयांश ते निम्मंच तेल बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून आधी चुकीचं तेल पडलं असेल तर एका बदलीने ते जाणार नाही. दोन-तीनदा काढून भरावं लागतं, मधे थोडी गाडी चालवून. दाबाने फ्लश करणाऱ्या मशीनच्या नादी मात्र लागू नका.

काम करताना फिलर बोल्ट आधी सोडा, मगच ड्रेन. फिलर अडकला आणि तेल आधीच सांडलं तर गाडी तिथेच उभी. निघालेलं तेल मोजा आणि तेवढंच नवीन भरा. हायलक्ससारख्या गाडीत डिपस्टिक नसते, लेव्हल ओव्हरफ्लो बोल्टवरून, म्हणजे जादा तेल बाहेर पडू देणाऱ्या बोल्टवरून, बघतात. गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, पाय ब्रेकवर; प्रत्येक गिअर काही सेकंद लावून पुन्हा ‘पी’मध्ये आणा. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) तेलाचं तापमान बघत राहा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला, बहुधा ४० अंशांच्या आसपास, बोल्ट उघडा. धार संपून थेंब पडू लागले की बंद करा. मुंबईत मे महिन्यात दुपारी गाडी उभी असतानाच तेल ३५ला पोचलेलं असतं, हाताशी फार वेळ राहत नाही, म्हणून हे काम सकाळी थंड गाडीवर करा. वॉशर नवीन वापरा.

पावसाळ्यात गाडी खोल पाण्यातून गेली असेल आणि तेल गुलाबीसर, दुधाळ निघालं, तर ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून) पाणी शिरलंय किंवा रेडिएटरमधला कूलर फुटलाय. आधी ते शोधा. तोवर नवीन तेलाचा डबा उघडू नका आणि गाडी चालवू नका. पाण्याने क्लच प्लेटचं अस्तर सुटायला लागतं.