विदर्भाच्या हवामानात खुडूक कोंबडीखाली अंडी उबवताना

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, की घरात साठलेली सगळी अंडी तिच्याखाली सरकवण्याची घाई होते. परंतु उबवणुकीचे यश पुष्कळसे अंडी कोंबडीखाली जाण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि विदर्भासारख्या तापणाऱ्या मुलखात तर हे अधिकच खरे आहे. अंड्यातील जीव सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या वर हळूहळू वाढू लागतो. पिल्लू नीट घडण्यासाठी मात्र ३७.५ अंशांच्या आसपासची सलग ऊब लागते. उन्हाळ्यात घरातच ३५ अंशांची उष्णता असली, म्हणजे नुसत्या ठेवलेल्या अंड्यात वाढ सुरू होते, ती धड पुढे जात नाही आणि जीव कोमेजतो. अशी अंडी चांगल्या कोंबडीखाली ठेवली तरी वाया जातात आणि दोष उगीच कोंबडीला दिला जातो.

म्हणून कोजागिरीपासून माघ महिन्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला समजावा. एप्रिल-मे महिन्यांत अकोला, चंद्रपूर, नागपूर या भागांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो, कोंबड्याची फळवण्याची क्षमता घटते आणि कोंबडी धापा टाकत वारंवार उठते. त्या दिवसांत अंडी बसवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अगदीच बसवायची झाली, तर मातीच्या भिंतींची सावलीतली खोली निवडावी, टोपलीखाली ओलसर वाळूचा थर द्यावा आणि खिडकीवर भिजवलेले पोते टांगावे.

गावरान कोंबडी खुडूक झाल्याचे ओळखणे कठीण नाही. ती अंडी देणे थांबवते, रात्रीही जागेवरून हलत नाही, जवळ हात नेल्यास पिसे फुलवून खुडखुडते व टोचते, आणि तिच्या छातीखालची पिसे विरळ होतात. तरीही दोन-तीन दिवस तिला साधी किंवा खोटी अंडी देऊन पाहावे. तिसऱ्या दिवशीही ती तितक्याच निश्चयाने बसून असेल, तरच खरी अंडी द्यावीत. व्हाइट लेगहॉर्नसारख्या किंवा गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची फलित अंडी गावरान कोंबडीखाली उबवता येतात.

अंडी फलित असण्यासाठी आठ ते दहा कोंबड्यांमागे एक तरुण, निरोगी कोंबडा पुरतो. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत, कारण उन्हात तापलेल्या खुराड्यात ती दिवसभर पडून राहणे हेच अनेकदा अपयशाचे मूळ असते. मध्यम आकाराची, स्वच्छ, तडा नसलेली अंडी निवडावीत. ती धुऊ नयेत. कवचावरील नैसर्गिक थर निघून गेला, की छिद्रांतून जंतू आत शिरतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहावी, निमुळते टोक खाली ठेवून ती घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, कोंड्यात किंवा ज्वारीच्या दाण्यांत ठेवावीत, आणि सात दिवसांहून जुनी अंडी वापरू नयेत. उन्हाळ्याच्या तोंडावर तर तीन-चार दिवसांचीच घ्यावीत.

बांबूच्या टोपलीत राख पसरून त्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि वर तणसाची मऊ बैठक करावी. राखेमुळे उवा-पिसवांचा त्रास कमी होतो. उवांनी हैराण झालेली कोंबडी मध्येच अंडी सोडून उठते, त्यामुळे ही तयारी टाळू नये. टोपलीची जागा अंधारी, शांत आणि मुंगूस, मांजर, घूस व सापांपासून सुरक्षित असावी. अंगाखाली नीट मावतील अशी दहा ते बारा अंडी पुरेशी आहेत. सगळी अंडी एकाच रात्री ठेवावीत, कारण मागाहून टाकलेल्या अंड्यांची पिल्ले निघण्यापूर्वीच कोंबडी उठून जाते. अंड्यांभोवती पेन्सिलीची रेघ मारून ठेवल्यास दुसऱ्या कोंबडीने तिथे घातलेले ताजे अंडे लगेच ओळखू येते.

कोंबडी दिवसातून एकदा किंवा दोनदा, साधारण पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते. तेवढ्यात तिने अख्खी ज्वारी खावी, पाणी प्यावे व विष्ठा टाकावी, म्हणून दाणापाणी टोपलीपासून थोडे दूर ठेवावे. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत एकेक अंडे टॉर्चसमोर धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले, तर पिल्लू वाढत आहे. अंडे स्वच्छ पारदर्शक दिसले, तर ते फलित नाही किंवा वाढ सुरूच झाली नाही. आणि नुसती रक्ताची कडी दिसली, तर जीव गेलेला आहे. असे अंडे काढून टाकावे, नाहीतर ते नासून टोपलीतच फुटते. चौदाव्या रात्री पुन्हा पाहावे.

अठराव्या दिवसानंतर मात्र टोपलीला हात लावू नये. एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्ले कवच फोडू लागतात, आणि पहिल्या टोच्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तासही लागू शकतात. या वेळी कवच सोलून मदत करण्याचा मोह आवरावा. आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या अजून सुकलेल्या नसतील, तर रक्तस्राव होऊन पिल्लू मरते. निघालेले पिल्लू पोटात ओढलेल्या बलकावर पहिला एक दिवस सहज काढते, त्यामुळे खाद्याची घाई करण्याचे कारण नाही.

नंतर तांदळाची बारीक कणी, भरडलेली ज्वारी व शक्य असल्यास पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. वाळवीही पिल्ले आवडीने खातात. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. पहिले काही दिवस आईसह डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली ठेवणे उत्तम. राणीखेत म्हणजेच मानमोडी या रोगापासून बचावासाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालावा लागतो. लस बर्फात आणावी लागते, एका बाटलीत अनेक पिल्लांची मात्रा असते आणि पातळ केलेली लस एक-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारच्या चार-पाच घरांनी आपापल्या कोंबड्या एकाच आठवड्यात बसवल्यास एक बाटली सगळ्यांना पुरते.