हजेरी लागण्याआधी ईएसआयचा नंबर विचारा

जळगाव एमआयडीसीत चटई, पाइप किंवा डाळ मिलमध्ये कामाला लागणाऱ्यांनी पगारासोबत ईएसआयचंही (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे कामगाराचा सरकारी आजारपण-अपघात विमा) विचारून घ्यावं. 10 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल, तर नोंदणी करणं मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या पगारातून फक्त 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. कामावरच्या अपघाताचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं. म्हणून ‘तीन महिने काम बघू, मग नाव टाकू’ हे मान्य करू नका, ठेकेदारामार्फत लागला असाल तरीही. घरच्यांची नावं चढली का तेही बघा, उपचार त्यांनाही मिळतात.

मग मशीन दाखवायला सांगा. ग्राइंडरच्या तोंडावर झाकण आहे का, पट्ट्याला जाळी आहे का, आणि मुख्य म्हणजे मशीन झटकन बंद करायचं लाल बटण उभ्या जागेवरून हाताला येतं का? गळ्यातला रुमाल काढूनच रोलरजवळ जा. घाम पुसायला आपल्याकडे तो सगळेच ठेवतात, पण टोक आत ओढलं गेलं की सोडवायला वेळच मिळत नाही.

मालकांना कळकळीची विनंती: नव्या माणसाला लगेच मशीनवर लावू नका, आधी जुन्या ऑपरेटरशेजारी उभं राहून काम बघू द्या. नियुक्तीपत्र लेखी द्या. आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी गार पाणी अन् थोडी जास्तीची सुट्टी द्याच.