बार्बेक्यूचा कोळसा कसा निवडावा: आधी वाजवून पाहा

उत्तरायणाच्या सुमारास बडोद्यात घरोघरी शेगड्या अगाशीवर चढतात. कोणी पनीर आणि सिमला मिरची सळईला लावतं, कोणी कोंबडी, आणि आमच्याकडे सोबत भरिताची वांगी असतातच. मसाल्यात दही किती यावर तासभर वाद होतो. कोळसा मात्र कोणीतरी जाता जाता दोन किलो उचलून आणतं. मग डोळे चुरचुरतात, वांग्याला डांबरासारखा वास लागतो आणि बोलणी खाते ती शेगडी.

दुकानात नुसता ‘कोलसो’ मागू नका, दगडी कोळसाही हातात पडू शकतो. त्यात गंधक असतं, तो अन्नाखाली चालत नाही. आपल्याला हवा लोणारी कोळसा, इथल्या बोलीत ‘लाकडानो कोलसो’. कोळशाचा चुरा स्टार्चने बांधून दाबलेल्या वड्याही मिळतात. त्यांची आच सारखी राहते, पण राख जास्त पडते. नारळाच्या करवंटीच्या वड्या तासन् तास चालतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. तरी वारा घातला की फुलणं आणि झाकलं की लगेच मंदावणं, हे अख्ख्या कोळशालाच नीट जमतं.

लाकूड कोणतं, हे जरूर विचारा, पण उत्तरावर फार विसंबू नका. गुजरातेत बराचसा कोळसा गांड्या बावळाचा असतो. गांडो म्हणजे वेडा. कुठेही उगवतो म्हणून हे नाव. कच्छच्या बन्नीत 1960च्या दशकात वनखात्याने रणाचा खार पुढे सरकू नये म्हणून तो लावला आणि तो मोकाट पसरला. गंमत म्हणजे अमेरिकन बार्बेक्यूवाले ज्या मेस्किटचं कौतुक करतात, त्याचाच हा भाऊबंद. आच कडक, पण ठिणग्या उडवण्याची खोड आहे, तेव्हा पतंगाच्या फिरक्या आणि कागद शेगडीपासून लांब ठेवा. देशी बाभूळ आणि चिंच ही लाकडंही जड, त्यांचा कोळसा टिकतो. मऊ लाकडाचा कोळसा हाताला हलका लागतो आणि पहिली सळई उतरेपर्यंत राख होतो.

आता खरी परीक्षा. गोणीतून दोन मोठे तुकडे घ्या आणि एकमेकांवर आपटा. चांगला कोळसा खणकन वाजतो, फुटक्या कपाच्या कपच्या वाजतात तसा. थप्प असा बसका आवाज आला, तर तो ओला आहे किंवा अर्धकच्चा. मग एक तुकडा मोडून पाहा. मोड काळीभोर आणि चकचकीत हवी, त्यात लाकडाची वलयं दिसायला हवीत. आत तपकिरी झाक दिसली किंवा तुकडा मोडण्याऐवजी चिरफळला, तर भट्टी लवकर उघडली असं समजा. भट्टीत लाकूड जवळजवळ हवेविना तापतं. आधी पाणी जातं, मग डांबरी वाफा जातात, उरतो तो मुख्यतः कार्बन. त्या वाफा भट्टीत निघाल्या नाहीत, तर तुमच्या पनीरखाली निघतात. म्हणूनच लाकडाच्या नावापेक्षा तो पुरता भाजला आहे की नाही, याला मी जास्त मोल देते.

तुकड्यांचा घाटही बघा. एकदा मी छापील, देखणी पिशवी न उघडता घरी आणली. आत सरळ कडांच्या, एकसारख्या जाडीच्या पट्ट्या आणि एका पट्टीत चक्क खिळा! म्हणजे मोडकं फर्निचर: रंग, पॉलिश, प्लायवुडचा गोंद सगळं त्यात आलं. परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, “बेन, बळशे एटले बधुं सरखुं.” जळल्यावर सगळं सारखं! पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून फांदीचा गोलवा आणि गाठी दिसल्याशिवाय मी कोळसा घेत नाही.

गोणीचा तळही चाचपा. चुरा हवा अडवतो, निखारा गुदमरतो आणि धूर होतो. घरी आणल्यावर मी सगळा कोळसा खडीच्या चाळणीने चाळते आणि चुरा कुंड्यांत घालते. पावसाळ्यात कोळसा हवेतलं पाणी पितो, म्हणजे वजनात आपण पाण्याचे पैसे देतो, शिवाय पेटवताना तो तडतडतो. दिवाळीनंतर घ्या, दोन दिवस उन्हात टाका, झाकणाच्या डब्यात भरा. चौघांच्या जेवणाला माझ्या छोट्या शेगडीत दीड-दोन किलो पुरतो.

आकार कामाप्रमाणे. झटपट भाजायला लिंबाएवढे तुकडे बरे, लवकर फुलतात. तासन् तास धुरी द्यायची असेल तर मुठीएवढे किंवा मोठे. पाहुणे येण्याआधी चार-पाच तुकडे पेटवून बघाच. तेलात भिजवलेली वात खाली ठेवली की पुरे, घासलेट नको. पंधरा-वीस मिनिटांत कडांवर पांढरी राख धरली आणि धूर थांबला, तर माल चांगला.

भाजताना निखारे एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे जवळजवळ नाहीतच, असे मांडा. जाळीच्या वीतभर वर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत चटका बसला तर आच कडक, पनीर आणि मक्याला ठीक. कोंबडीचे जाड तुकडे आधी कडक बाजूला रंगवून मग मंद बाजूला सरकवायचे.

धुरीचं गणित वेगळं. झाकणाखाली साधारण 105 ते 120 अंश सेल्सिअस राखायचं असतं आणि इथे कोळशाचं काम फक्त ऊब देण्याचं. स्वाद येतो वर ठेवलेल्या सुक्या लाकडाच्या ढलपीतून, आंबा किंवा पेरू उत्तम. ढलपी भिजवून ठेवायची सांगतात. त्याने आधी नुसती वाफ होते. धूर पातळ, निळसर हवा. पांढरा दाट लोट कडवटपणा आणतो. कडुलिंब डासांसाठी राखून ठेवा, आणि चिडाची खोकी फोडून घालू नका, राळेचा वास जात नाही. घरच्या डाळीला वाटीत निखारा आणि तूप घालून धुंगार देतो, तिथे तर कोळसा आणखी पारखून घ्यावा, कारण तो थेट भांड्यातच बसतो.

शेगडी बंद बाल्कनीत किंवा अगाशीवरच्या खोलीत नेऊ नका, थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जेवण झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतू नका; घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका, हवा तुटली की विझतात. सकाळी उघडण्याआधी डब्याचा तळ हाताने अंदाज घेऊन पाहा, आत एखादा निखारा जिवंत असतो. गार झालेला तो कोळसा रविवारच्या भरिताला चालतो, आणि नव्यापेक्षा लवकर पेटतो.