पावसाळ्यापूर्वी जनरेटरच्या डिझेलची तयारी: आधी पाणी काढा, मग ॲडिटिव्ह घाला

गृहनिर्माण संस्थेच्या जनरेटरचे डिझेल वर्षातील बहुतेक काळ टाकीत पडून असते आणि त्याची खरी गरज भासते ती भर पावसात वीज गेल्यावर. त्यामुळे ॲडिटिव्ह (डिझेलमध्ये मिसळायचे पूरक रसायन) घालून ते टिकवण्याचे काम मे महिन्यातच उरकावे. गेल्या वर्षी आमच्या संस्थेने ॲडिटिव्ह आणले, मोजले, टाकीत ओतले, पण टाकीच्या तळाचे पाणी काढायचे राहून गेले. त्यामुळे पुढील यादीत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल आणि तो प्रत्येक वेळी वाचावा, अशी विनंती आहे.

हातमोजे, डोळ्यांना संरक्षक चष्मा, जवळ अग्निशामक, धूम्रपान बंद. एकाच जागी 2,500 लिटरपर्यंत आणि कोणत्याही एका भांड्यात 1,000 लिटरपेक्षा जास्त नाही, अशा बेताने साठवलेल्या डिझेलला पेट्रोलियम कायद्यानुसार परवाना लागत नाही. साठा याहून मोठा असेल तर ॲडिटिव्हचा विचार नंतर करावा, आधी परवान्याचा करावा.

आता पाणी. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसते. ते शिरते व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवा येण्या-जाण्याच्या नळीतून: दिवसा टाकी तापते, रात्री थंड होते, बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि रिकाम्या भागाच्या भिंतींवर तिचे थेंब जमतात. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड तळापासून थोडे वर ठेवलेले असते. म्हणून इंजिनाच्या वॉटर सेपरेटरमध्ये (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीत) पाणी दिसत नाही, याचा अर्थ टाकीत पाणी नाही असा मुळीच होत नाही. डिपस्टिकच्या टोकाला पेट्रोल पंपावर वापरतात ती, पाणी लागताच रंग बदलणारी वॉटर फाइंडिंग पेस्ट लावावी, कांडी तळाला टेकवावी आणि रंग कुठपर्यंत बदलला ते पाहावे. टाकी किंचित तिरकी बसवलेली असेल तर पाणी सखल कोपऱ्यात असते, त्यामुळे शक्य असल्यास एकाहून अधिक ठिकाणी तपासावे. मग तळाचा ड्रेन कॉक उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत निचरा करावा. ड्रेन कॉक नसेल तर हातपंपाची नळी तळापर्यंत सोडून पाणी ओढून घ्यावे. निघालेले मिश्रण गटारात ओतू नये, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावे.

एवढा आग्रह कशासाठी, हेही सांगतो. डिझेल खराब करणारे जिवाणू आणि बुरशी (त्यांतली हॉर्मोकोनिस रेझिनी ही सर्वांत कुप्रसिद्ध) पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर वाढतात. पाणी नसेल तर त्यांना घर नाही. पाणी तसेच ठेवून बायोसाइड (हे सूक्ष्मजीव मारणारे रसायन) ओतले, तर त्याचा मोठा भाग पाण्यात उतरून पातळ होतो, आणि मेलेल्या बुरशीचा बुळबुळीत थर पुढे फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. शिवाय आजचे बीएस-6 (भारत स्टेज 6 या प्रदूषण मानकाचे) डिझेल पूर्वीसारखे राहिलेले नाही. त्यातील गंधक 10 पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत 10 भाग) खाली आणले आहे आणि त्यात 7 टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळण्यास मानकाची मुभा आहे. बायोडिझेल ओलावा अधिक धरते आणि सूक्ष्मजीवांना अधिक रुचते. म्हणून पाणी आधी.

पाण्यानंतर डिझेलची परीक्षा. तळाजवळचा नमुना पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरावा. तो गढूळ असेल तर पाणी अजून आहे, निचरा पुन्हा करावा. रंग गडद झाला असेल, आंबूस वास येत असेल, गाळ दिसत असेल तर ते डिझेल बाहेर काढून बदलावे किंवा गाळून घ्यावे. स्टॅबिलायझर, म्हणजे डिझेल टिकवणारे ॲडिटिव्ह, हवेतील ऑक्सिजनमुळे होणारे विघटन लांबवतो, झालेले विघटन मागे फिरवत नाही. ताज्या डिझेलमध्ये घातला तरच त्याचा उपयोग.

ॲडिटिव्ह निवडताना डबीवरील मजकूर वाचावा. स्टॅबिलायझर वेगळा, बायोसाइड वेगळा, सीटेन (डिझेल किती सहज पेट घेते त्याचे माप) वाढवणारे द्रव वेगळे. ‘मायलेज वाढवा’ अशा जाहिरातीचे द्रव साठवणीच्या कामाचे नाही. पाणी डिझेलमध्ये मिसळून टाकणारे ॲडिटिव्ह मी घेणार नाही, कारण तसे पाणी सेपरेटरला चकवून थेट इंजेक्टरपर्यंत जाते आणि कॉमन रेल (अति उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाचे इंजेक्टर फार महाग असतात. पाणी वेगळे करून तळाशी बसवणारे चालेल, पण मग ते काढावे लागेल, हे उघड आहे.

मात्रा टाकीच्या क्षमतेवर नव्हे, भरून झाल्यावर आत असेल तेवढ्या डिझेलवर मोजावी: हजार लिटरला एक लिटर असे प्रमाण असेल आणि टाकीत 400 लिटर असेल, तर 400 मिलिलिटर. जास्त घातल्याने जास्त टिकत नाही. ॲडिटिव्ह आधी टाकीत घालून मग ताजे डिझेल भरावे, म्हणजे भरण्याच्या धारेने ते नीट मिसळते. टाकी विस्तारापुरती थोडी जागा सोडून भरावी, रिकामी जागा कमी म्हणजे बाष्पही कमी.

बायोसाइड पहिल्यांदाच वापरत असाल तर दोन-तीन फिल्टर जवळ ठेवावेत. ते चोंदणारच.

बॅरल उघड्यावर उभे ठेवू नयेत, कारण झाकणाभोवती साचलेले पावसाचे पाणी बॅरल गार होताना आत ओढले जाते. आडवे ठेवावेत, दोन्ही झाकणे समपातळीत. जस्ताचा मुलामा असलेली टाकी आणि तांब्याच्या नळ्या टाळाव्यात.

तारीख, मात्रा, उत्पादनाचे नाव वहीत लिहावे. जुने डिझेल आधी वापरावे. दरमहा भारासह चाचणी घ्यावी. आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या तिन्ही महिन्यांत डिपस्टिकला पेस्ट लावून तळ तपासावा, पाणी दिसताच काढावे.