एटनाला जाताय? खाण्यापिण्याचं आधी विचारा

नागपूरहून इटलीतल्या सिसिली बेटावर जाणाऱ्यांनी एटना ज्वालामुखीची एक दिवसाची सहल लहान गटातलीच घ्यावी. मोठ्या बसमध्ये गाइडला प्रश्न विचारायला मिळत नाहीत, आणि खाण्याच्या ठिकाणी निम्मा वेळ रांगेत जातो.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच तसं लिहून कळवा. तिथे ‘मांस नाही’ म्हटलं तरी मासे ताटात येऊ शकतात, म्हणून दोन्ही वेगळं सांगायचं. आरांचीनी हा तळलेला भाताचा गोळा दिसतो आपल्या बटाटेवड्यासारखा, पण आत बरेचदा खिमा असतो. वांग्याचा पास्ता आल्ला नोर्मा मात्र निर्धास्त मागवा. वांगं म्हटल्यावर आपल्याला आणखी काय हवं! एटनाच्या उतारावरच्या ब्रोंते गावचा पिस्ता आणि झाफेराना गावचा मध चाखल्याशिवाय परतू नका. वाइन टेस्टिंग ठेवायचं ते डोंगर उतरल्यावर.

केबल कार सुमारे २,५०० मीटरपर्यंत नेते. खाली समुद्रकिनारी असतं त्यापेक्षा तिथे साधारण १५ अंश कमी, वर वारा. मे महिन्यातल्या नागपुरातून निघताना बॅगेत जॅकेट टाकायचं सुचत नाही, पण टाकाच. चपला नकोत, लाव्हाची खडी टोचते. (आपली सीताबर्डीची टेकडीही लाव्हाचीच, फक्त साडेसहा कोटी वर्षं जुनी.)