आडनाव नव्हे, आधी गाव: इटालियन आणि ग्रीक पूर्वजांच्या नोंदी शोधताना या चुका टाळा

परदेशात स्थायिक झालेल्या काही मराठी घरांत आता इटालियन किंवा ग्रीक वंशाच्या सुना आणि जावई आहेत. नातवंडांसाठी वंशावळ मांडायला घेतली की आपली बाजू कुलवृत्तांतातून किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून पाच-सात पिढ्या मागे जाते, आणि दुसरी बाजू मात्र पणजोबांपाशीच थांबते. अशा वेळी कागद नष्ट झाले असावेत असे आपण मानतो. पुष्कळदा ते शाबूत असतात. आपण त्यांना चुकीच्या गावात, चुकीच्या नावाखाली किंवा चुकीच्या वर्षात शोधत असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आडनाव धरून शोध सुरू करणे. रोस्सी म्हणजे तांबडा, पापादोपुलोस म्हणजे पाद्र्याचा मुलगा, आणि एस्पोझितो हे नेपल्सकडे आईबापांनी सोडून दिलेल्या बाळांना दिले जाणारे आडनाव. त्यामुळे ही आडनावे जुळली म्हणून नाते सिद्ध होत नाही. इटलीत नोंदी कोमूनेनुसार, म्हणजे गावाच्या किंवा नगराच्या पालिकेनुसार ठेवल्या जात, म्हणून नेमके गाव कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. घरात ‘आमचे पूर्वज नेपल्सचे’ असे सांगत असतील, तर ते शहर, तो प्रांत की केवळ जहाज सुटले ते बंदर, हे आधी तपासावे. १९०७ नंतर अमेरिकेत आलेल्या प्रवाशांच्या याद्यांत मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव आणि पत्ता असतो, आणि कित्येकदा गाव प्रथम तिथेच सापडते. एलिस आयलंड या न्यूयॉर्क बंदरातील स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रातील कारकुनांनी आडनावे बदलली, ही समजूतही सोडून द्यावी. याद्या निघण्याच्या बंदरावर जहाज कंपनीचे लोक तयार करीत. आडनाव बदलले गेले ते बहुधा नंतर, कुटुंबाकडूनच. म्हणून यादीत मूळ रूपच शोधावे.

गाव सापडले तरी त्याचे आजचे नाव वेगळे असू शकते. जिर्जेंती १९२७ साली आग्रिजेंतो झाले आणि तेर्रानोव्हा दि सिचिलिया जेला झाले. सिसिलीतील ‘पियाना देई ग्रेची’, म्हणजे ग्रीकांचे पियाना, या नावाने तर अनेकांची वाट चुकते. तिथे पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलेले लोक अल्बेनियन होते. त्यांचे धर्मविधी ग्रीक पद्धतीचे असल्यामुळे त्यांना ग्रीक म्हटले गेले, आणि १९४१ साली गावाचे नाव ‘पियाना देल्यी अल्बानेझी’ करण्यात आले. अशा घराण्याचा माग ग्रीसमध्ये काढणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय.

इटलीच्या नागरी नोंदी १८६६ पासूनच मिळतात, हे अर्धसत्य आहे. दक्षिणेत, नेपल्सच्या राज्याच्या मुख्य भूमीवर, नेपोलियनच्या कायद्यानुसार त्या १८०९ पासून आणि सिसिलीत १८२० पासून आहेत. उलट व्हेनेतो प्रदेशात सलग नागरी नोंदी १८७१ पासून सुरू होतात. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या वह्या पाहाव्या लागतात. बाप्तिस्मा आणि विवाह नोंदवण्याचा नियम १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घातला, आणि गोव्यातील चर्चच्या जुन्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. नागरी नोंदवह्यांच्या प्रतिमा राज्य अभिलेखागारांच्या ‘अंतेनाती’ या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात, परंतु सर्व गावे आणि सर्व वर्षे तिथे नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

नोंद हाती लागल्यावर घाई सर्वाधिक नडते. जन्मनोंदीच्या माथ्यावरची तारीख ही नोंद केल्याची असते. बाळ कधी जन्मले ते आतल्या मजकुरात, पुष्कळदा ‘काल’ किंवा ‘आज पहाटे’ अशा शब्दांत येते. ‘७ब्रे’ हा जुलै नव्हे, सप्टेंबर आहे. त्याचप्रमाणे ८, ९ आणि १० या अंकांनी ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर दाखवले जातात. मराठी वाचकाने सप्त, अष्ट, नव, दश आठवले की पुन्हा चूक होत नाही. ‘जुझेप्पे फू विन्चेन्झो’ यातील ‘फू’ हे नाव नसून ‘दिवंगत’ या अर्थाचा शब्द आहे. ‘दि विन्चेन्झो’ असेल तर वडील त्या वेळी हयात होते. या एका शब्दामुळे वडिलांच्या मृत्यूचा काळ बांधता येतो. स्त्रियांची नोंद विवाहानंतरही माहेरच्या आडनावानेच होई, म्हणून पणजीला सासरच्या आडनावाखाली शोधू नये.

एक चूक मी स्वतः केली आहे. एका मैत्रिणीच्या सासरचे पणजोबा शोधताना नाव, आईवडील आणि गाव जुळणारी जन्मनोंद मिळाली, आणि मी पुढची पिढी मांडायला बसले. ते बाळ अकराव्या महिन्यात वारले होते, आणि तीन वर्षांनी जन्मलेल्या भावाला तेच नाव दिले होते. आजोबांचे नाव पुढे चालवण्याच्या रूढीमुळे हे इटलीत आणि ग्रीसमध्ये वारंवार घडे. त्यामुळे जन्मनोंद मिळाल्यावर पुढील काही वर्षांच्या मृत्युनोंदी पाहणे आणि समासातील विवाहाची टीप वाचणे मी आता कधीही टाळत नाही. दक्षिण इटलीत विवाहाला जोडलेली कागदपत्रे, म्हणजे ‘आल्लेगाती’, त्याहून मोलाची असतात. वडील हयात नसतील तर संमतीचा अधिकार आजोबांकडे जाई, म्हणून तेही वारले असल्यास त्यांचा मृत्युदाखला जोडावा लागे; अशा रीतीने एकाच पुडक्यात तीन पिढ्या मिळू शकतात.

ग्रीसची गोष्ट वेगळी आहे. तिथे नागरी नोंदणी प्रत्यक्षात १९३० च्या दशकात रुळली, म्हणून एकोणिसाव्या शतकातील जन्मदाखला मागणे व्यर्थ ठरते. त्याऐवजी ‘मित्रोओ अर्रेनोन’ ही लष्करभरतीसाठी ठेवलेली पुरुषांची वही आणि जुन्या मतदारयाद्या पाहाव्यात. या दोन्हींत स्त्रिया नसतात, आणि वये पुष्कळदा अंदाजाने लिहिलेली असतात. पणजीसाठी धर्मप्रांताच्या कचेरीतील विवाहपरवान्यांच्या वह्या गाठाव्यात. ग्रीक नावातील मधले नाव वडिलांचे असते, हे आपल्याला नवे नाही. पण ते षष्ठीत येते, आणि स्त्रीचे आडनावही बदलते, म्हणजे पापादोपुलोसची मुलगी पापादोपुलू होते. अमेरिकेत कोन्स्तान्दिनोसचा गस आणि दिमित्रिओसचा जेम्स झाला, हेही विसरू नये.

तारखांचा घोळ ग्रीसमध्ये अधिक असतो. तिथे १५ फेब्रुवारी १९२३ नंतरचा दिवस १ मार्च मानला गेला. तोवर जुने जूलियन पंचांग चालत असे, आणि एकोणिसाव्या शतकात ते बारा दिवस मागे होते. गावच्या वहीतला २५ डिसेंबर १८९० हा दिवस अमेरिकन कागदावर ६ जानेवारी १८९१ होऊ शकतो. वर्षसुद्धा वेगळे दिसल्यामुळे खरा माणूस नाकारला जातो.

जन्मस्थानाखाली लिहिलेल्या देशावरून वंश ठरवू नये. मॅसिडोनिया आणि क्रीट १९१३ साली ग्रीसमध्ये आले, त्यामुळे त्याआधीच्या मॅसिडोनियातील ग्रीक प्रवाशापुढे ‘तुर्कस्तान’ असे लिहिलेले आढळते. ऱ्होड्ससह दोदेकानीज बेटे १९१२ पासून इटलीच्या ताब्यात होती आणि १९४७ च्या तहाने ती ग्रीसला मिळाली. तिथला ग्रीक माणूस कागदावर ‘इटालियन’ दिसतो. त्याच्यासाठी ऱ्होड्स येथील ग्रीक राज्य अभिलेखागाराला लिहावे. मुख्य भूमीवरील कोमूनेंना पत्रे पाठवून काही हाती लागत नाही. पूर्वज झाकिन्थोसचे असतील, तर १९५३ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत तिथले अभिलेख मोठ्या प्रमाणावर जळाले, हे आधीच धरून चालावे आणि बेटाबाहेर गेलेल्या नातेवाइकांचे विवाहाचे आणि नागरिकत्वाचे कागद प्रथम मिळवावेत.