मिडमारचं दगडांचं रिंगण नीट कसं बघायचं

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीतल्या काकू जूनमध्ये लेकीकडे स्कॉटलंडमधल्या एबर्डीनला चालल्यात, त्यांना सांगितलं तेच इथे लिहितोय, अजून कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल.

एबर्डीनच्या पश्चिमेला एक्ट गाव, त्याच्या थोडं पुढे मिडमारचं चर्च. चर्च 1787 चं, आणि त्याच्या अंगणात चार हजार वर्षांहून जुनं दगडांचं रिंगण, साधारण 17 मीटर रुंद. 1914 मध्ये त्याच्या भोवतीच दफनभूमी झाली, त्यामुळे थडग्यांवर पाय न देता बाजूबाजूने चाला, तिथे लोकांची माणसं आहेत. गवत ओलं असतं, चपला नकोत, बूटच घाला.

आत गेल्यावर लगेच फोटो काढत सुटू नका. आधी आडवा दगड शोधा, साडेचार मीटर लांब, वजन 20 टनांच्या आसपास, आणि त्याच्या दोन्ही टोकांना माणसापेक्षा उंच, सुळ्यासारखे वर निमुळते होत गेलेले दोन दगड. ते तिन्ही मिळून चौकट असल्यासारखी दिसते. मग रिंगणाच्या मध्यावर उभं राहून त्या चौकटीतून बघा आणि मोबाइलचं होकायंत्र लावा, साधारण दक्षिण-नैऋत्य येईल. अशी रिंगणं स्कॉटलंडच्या ईशान्येला बरीच आहेत आणि त्या सगळ्या रिंगणांमध्ये आडवा दगड साधारण याच बाजूला, बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते चंद्रासाठी.

हे पटायला सोपा उपाय सांगतो. आपल्याकडे वटपौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीनंतर अर्ध्या आभाळापर्यंत तरी चढतो, गच्चीवर जाऊन बघून ठेवा. तिकडे तोच चंद्र हात लांब करून मोजला तर वीतभरही वर येत नाही, क्षितिजालगतच सरकत जातो, म्हणजे मध्यावर उभ्या माणसाला तो आडव्या दगडाच्या जरा वरून जाताना दिसणार. रात्री दफनभूमीत थांबायची गरज नाही, लेकीच्या घराच्या दक्षिणेकडच्या खिडकीतून बघितलं तरी कळतं.

आणि दगडांवर करडी-पांढरी खपली दिसेल ती नखाने खरवडू नका प्लीज, आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचीच ती भावकी, फार हळू वाढते. तळहात नुसता जवळ नेऊन बघा, दगडाचा गारवा जाणवतो.

वेळ उरला तर सनहनीचं रिंगण जवळच आहे, ते शेतात, झाडांच्या घेऱ्यात. तिथला आडवा दगड मिडमारच्या शेजारी ठेवून मनात ताडून बघा, दुसऱ्यांदा चौकट आपोआप सापडते.